बरोबरी कोणाला परवडते?

मागे साखळीला एका लग्नात पंगतीला बसलो होतो, सोलकढी वाढेपर्यंत गप्पा फुटबॉलवर आणि पावसावर, आणि मग बाजूचा ओळखीचा माणूस मला म्हणाला, तू चेसवाला ना, मग खरं सांग, गुकेश आमचा, वर्ल्ड चॅम्पियन आमचा, सगळं बरं, पण ती मॅच बघवते का रे तुला? चार तास बसायचं आणि शेवटी दोघं हात मिळवून उठून जातात, बरोबरी. परत दुसऱ्या दिवशी बरोबरी. त्यापेक्षा मी चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधलेली बघीन, निदान काहीतरी वर जातं.

सगळे हसले, मीही हसलो, कारण त्याचं अर्धं खरं होतं. पण उरलेलं अर्धं तेव्हापासून डोक्यात फिरतंय. कंटाळा येतो हे कबूल, पण तो बरोबरीमुळे येतो हे मला पटत नाही. बरोबरी काही आज जन्मली नाही. आपण जुन्या मॅचच्या आठवणी काढतो तेव्हा फिशर-स्पास्की म्हणतो, १९७२, रेक्याविक, काय ते नाट्य, काय ती भांडणं. त्या मॅचमध्ये २१ डाव झाले, त्यातला एक तर फिशर खेळायला आलाच नाही म्हणून स्पास्कीला मिळाला, आणि ११ बरोबरीत सुटले, त्यातसुद्धा १४ ते २० हे सात डाव ओळीने बरोबरी. आज सात डाव ओळीने बरोबरी झाली तर लोक म्हणतील चेस मेलं. १९२७ मध्ये कापाब्लांका आणि अलेखिन ब्युनोस आयर्सला ३४ डाव खेळले, २५ बरोबरी. आणि १९८४ची कारपोव्ह-कास्पारोव्ह तर सगळ्यांची आजी, ४८ डाव, ४० बरोबरी, त्यातही १७ सलग, निकाल न लावताच १९८५च्या फेब्रुवारीत ती मॅच थांबवावी लागली. म्हणजे पूर्वी सगळे तलवारी उपसून धावायचे आणि आताचे पोरगे भित्रे झाले असं काही नाही.

मी बघायला, म्हणजे खरं तर वाचायला लागलो ते १९९५ पासून. आनंद-कास्पारोव्ह, न्यूयॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. पहिले आठ डाव बरोबरी! आणि मला एकदाही कंटाळा आल्याचं आठवत नाही. का? कारण डाव यायचा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, बारीक टायपात चाली छापलेल्या, तो पेपर मांडीवर घेऊन मी पट मांडायचो आणि एकेक चाल लावत बसायचो, मधेच आई हाक मारायची, परत येऊन बघतो तर कुठपर्यंत आलो तेच विसरलेलो. नववा डाव आनंदने जिंकला तेव्हा मला तो मीच जिंकल्यासारखं झालं होतं. पुढे काय झालं ते सांगायला नको, कास्पारोव्हने उभा सोलला. पण ते आठ ड्रॉ माझ्या हातातून गेलेले होते, हा मुद्दा आहे, त्याच्याकडे परत येतो.

आधी ड्रॉचं. आम्हा गोंयकारांना तरी शून्य-शून्य कसं बघायचं हे शिकवायला नको. २०२५च्या डिसेंबरात फातोर्ड्याला सुपर कपची फायनल झाली, एफसी गोवा आणि ईस्ट बंगाल, १२० मिनिटं एक गोल नाही, मग पेनल्टीवर ६-५ ने आपण जिंकलो. घरी येताना कोणी म्हणालं का की छे, बोअर झालं? लोकांचे घसे बसले होते. आणि जुन्या माणसांना धिरयो, म्हणजे पाड्यांची झुंज, आठवत असेल (कोर्टाने बंदी घातलीय, आणि जनावरांचे हाल बघता घातली ते बरं केलं), पण त्यातला सगळ्यात ताणलेला वेळ कुठला असायचा? दोन पाडे शिंगात शिंग अडकवून उभे, कोण हलत नाही, फक्त मागच्या पायाखालची माती सरकतेय. बाहेरून आलेल्याला वाटायचं काहीच चाललेलं नाही, आणि कुंपणाला टेकलेली माणसं श्वास धरून असायची, कारण त्यांना माहीत असायचं की जो आधी मान फिरवणार तो पळणार.

तर बरोबरी दोन जातीची असते. एक ही, शिंगं अडकलेली. आणि दुसरी ती, जी दोघांनाही परवडते. ही दुसरी मला चांगली माहीत आहे कारण मी ती खाल्लेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका ओपन टूर्नामेंटमध्ये शेवटच्या राऊंडला मी आणि समोरचा, दोघांनाही अर्धा पॉइंट मिळाला की बक्षिसाचं पाकीट नक्की होतं. नऊ चाली. घोडे बाहेर, उंट बाहेर, कॅसलिंग, आणि मी मान वर केली, त्याने पण केली, हात मिळवला. बाजूला त्याचा छोटा मुलगा उभा होता, सकाळपासून बाबांची मॅच बघायला थांबलेला, तो म्हणाला "सोंपलें?" एवढंच. त्या पाकिटातले पैसे कशावर गेले ते आठवत नाही पण ते "सोंपलें?" अजून कानात आहे.

आता हेच मोठ्या लेव्हलला बघा. २०१६, न्यूयॉर्क, कार्लसन आणि कार्याकिन, १२ डावांची मॅच, ११ डावांनंतर साडेपाच-साडेपाच. शेवटचा डाव, सगळं जग बघतंय, आणि झालं काय तर ३० चाली, पाऊण तास पण नाही, बरोबरी. कारण कार्लसनला टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचे झटपट डाव, हवा होता, त्या झटपट म्हणजे रॅपिडमध्ये आपण भारी हे त्याला माहीत, आणि जिंकला पण. २०१८ला लंडनमध्ये कारुआनाबरोबर तर कहर, बाराच्या बारा डाव बरोबरीत. त्यातल्या पहिल्या अकरा ड्रॉबद्दल मी कार्लसनला काही बोलणार नाही, त्यातले काही जीव तोडून खेळलेले होते, पहिलाच डाव ११५ चालींचा. पण बाराव्या डावात त्याची पोझिशन बरी, घड्याळावर वेळ जास्त, आणि ३१व्या चालीला त्याने ड्रॉ ऑफर केला. रेटिंगमध्ये दोघांत तीन पॉइंटचा फरक, म्हणजे क्लासिकलमध्ये, तासनतास चालणाऱ्या डावात, जवळपास सारखेच, आणि रॅपिड टायब्रेकमध्ये ३-०. मग त्याने रिस्क का घ्यावी? मी त्याच्या जागी असतो तर मीही नसती घेतली, वर सांगितलंच आहे मी नऊ चालीत काय केलं ते. चूक त्याची नाही, नियमाची आहे. नियमाने त्याला सांगितलं की बाबा बरोबरी कर, पुढे तुझंच राज्य आहे.

आणि याच्या उलट जुना नियम बघा. पूर्वी मॅच बरोबरीत सुटली तर गादी जुन्याकडेच राहायची. अन्यायकारक वाटतो ना? मलाही वाटायचा. पण त्यात एक गंमत होती, स्कोअर काहीही असो, दोघांपैकी एकाला बरोबरी कधीच चालायची नाही. १९८७, सेव्हिल, २४वा म्हणजे शेवटचा डाव, आदल्या डावात कास्पारोव्हने घाण केलेली, एक पॉइंट मागे, जिंकला तर १२-१२ आणि गादी राहिली, नाहीतर गेली. कारपोव्हला नुसती बरोबरी पुरे होती. कास्पारोव्ह जिंकला. २००४ला ब्रिसागोत क्रामनिक-लेको, परत तेच, १४वा डाव, क्रामनिकला जिंकायलाच हवं आणि तो जिंकला. हे दोन शेवटचे डाव आणि २०१६, २०१८चे दोन शेवटचे डाव शेजारी शेजारी ठेवा. चारही वेळा माणसं जगातली सगळ्यात चांगलीच होती, घाबरट कोण नव्हतं. बदललं होतं ते एवढंच की बरोबरी कोणाला परवडते.

यावर कोणीतरी म्हणेल, अरे पण कॉम्प्युटरचं काय? बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. २०००मध्ये क्रामनिकने बर्लिन डिफेन्स नावाची सुरुवात काढून कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही, तेव्हापासून ती बर्लिन म्हटलं की बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आठव्या चालीला वजीर जातात आणि पुढे सगळं कॉम्प्युटरवर बघून घरी पाठ केलेलं. पहिला तासभर आपण जे बघतो ते खेळणं नसतंच, ते परीक्षेला पोरं धडाधडा लिहितात तसं, दोघंही आठवतायत. तो भाग कंटाळवाणा आहे आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. फिशरने सुचवलेलं फ्रीस्टाइल, ज्यात मागच्या रांगेतल्या सोंगट्या उलटसुलट मांडतात, ९६० पैकी कुठलीही मांडणी, ते कार्लसनला आवडतं, मला पण बरं वाटतं, पण खरं सांगू, ते बघताना पहिल्या दहा चाली मला काहीच कळत नाही आणि मी काही अगदी कालचा पोर नाही.

पण कॉम्प्युटरने खेळणाऱ्यांचं जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त बघणाऱ्यांचं केलं असं माझं म्हणणं आहे. ती पट्टी. स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभी, अर्धी पांढरी अर्धी काळी, कोण पुढे कोण मागे ते दशांशात सांगणारी.

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरला गुकेश आणि तेव्हाचा चॅम्पियन, चीनचा डिंग, साडेसहा-साडेसहा, चौदावा डाव. डिचोलीत आमच्या घरी संध्याकाळचे पाच वगैरे झालेले, टीव्हीवर मॅच, भाचा आलेला, आणि शेजारचे मास्तर. मास्तर रिटायर्ड, प्राथमिक शाळेत होते, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून टीव्हीच्या फार जवळ बसत नाहीत, म्हणून मी त्यांना पट मांडून दिलेला आणि चाल झाली की ओरडून सांगायची, ते सोंगटी हलवणार. भाचा सोफ्यावर आडवा, एक डोळा पट्टीवर एक मोबाईलवर. डाव म्हणजे, गुकेशला एक प्यादं जास्त, बाकी हत्ती आणि उंट दोघांकडे, पट्टी मधोमध. सगळे म्हणत होते ड्रॉ आहे, उद्या टायब्रेक. डिंगला तेच हवं होतं, आणि गुकेशला तेच नको होतं, रॅपिडमध्ये डिंगला जड मानत होते, म्हणून हा पोरगा काहीही नसताना खेळतच राहिला, खेळतच राहिला. शिंगं अडकलेली.

५५वी चाल, डिंगने हत्ती एफ-२ला आणला. मी मास्तरांना सांगायला तोंड उघडतोय तेवढ्यात भाचा ताडकन उठून, "मामा, गेलो! गेलो तो!" पट्टी धाडकन काळी. मी विचारलं, का गेला? तो म्हणाला, "काय माहीत, पण गेला." आणि लगेच फोन, तीन मित्रांना.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी हत्ती एफ-२ला ठेवला. मग बघत बसले. मी पण पट्टीवरून नजर काढून खाली बसलो त्यांच्यासमोर. मिनिटभर गेलं असेल, त्यांनी काळ्याच्या हत्तीने तो हत्ती मारला, राजाने परत मारला, आणि मग त्यांचं बोट डिंगच्या उंटावर गेलं, तो उंट पार कोपऱ्यात, ए-८ला. "हा बघ," म्हणाले, "हा कोपऱ्यात बसलाय. आता काळा उंट इथे मधे आला की ह्याला पळायला जागा नाही. घ्यायलाच लागणार. मग नुसती प्यादी आणि राजे. आणि एक प्यादं जास्त." आणि असे हसले, दात नसलेलं हसू. तोपर्यंत टीव्हीवर गुकेश पाणी पीत होता. नंतर गुकेशनेच सांगितलं की ती चाल पडली तेव्हा त्याच्याही पटकन ध्यानात आलं नव्हतं, दुसरंच काहीतरी खेळायला निघाला होता. म्हणजे ज्या माणसाच्या आयुष्याचा तो क्षण होता त्याच्याही आधी माझ्या भाच्याला निकाल कळला होता, आणि त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

भाच्याला मी नावं ठेवत नाही, पोरगं हुशार आहे. मी स्वतः तसाच फसलोय. २०२१, दुबई, कार्लसन-नेपोम्नियाची, सहावा डाव. आधीचे पाच ड्रॉ. मी जेवलो, पट्टी बघितली, मधे, परत तासाने बघितली, मधे, म्हटलं हा पण गेला ड्रॉमध्ये, आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर १३६ चाली, पावणेआठ तास, चॅम्पियनशिपच्या इतिहासातला सगळ्यात लांब डाव, आणि कार्लसनने हत्ती, घोडा आणि दोन प्यादी घेऊन समोरच्या एकट्या वजिराला कोंडत कोंडत मारलेलं. पट्टी खोटं बोलत नव्हती, बराच वेळ बरोबरीच होती. पण बरोबरी आहे हे मशीनसाठी, जिला भूक लागत नाही, पाठ दुखत नाही. सातव्या तासाला माणसाला ती बरोबरी टिकवता येते का, हा त्या डावातला खरा प्रश्न होता आणि तो पट्टीवर दिसत नाही. नेपो त्यातून सावरलाच नाही, पुढे एका डावात तर एक प्यादं पुढे टाकून स्वतःचाच उंट अडकवून घेतला.

आणि आपल्या लोकांचं पण एक कळत नाही. ड्रॉ झाले की म्हणायचं मेलेलं चेस. मग २०२३ला अस्तानात डिंग-नेपो १४ पैकी ६ डाव निकाली झाले, २०२४ला ५, दोन्ही मॅच शेवटपर्यंत लटकलेल्या, तर लगेच सुरू, की हे काय खेळणं, केवढ्या चुका, दर्जा गेला. म्हणजे चूक नाही केली तर बोअर आणि केली तर दर्जा गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चुकीशिवाय डाव कोणी जिंकत नाही हो, मारलेला गोल म्हणजे कोणाच्या तरी डिफेन्सची चूक असतेच.

चेसचा वर्ल्ड कप आमच्याकडेच झाला, २०२५च्या नोव्हेंबरात, हडफड्याला. २०६ खेळाडू, नॉकआउट. तेव्हा सगळे म्हणाले की बघा, असं पाहिजे, दोन डाव, हरला की बॅग भर. गुकेश तिसऱ्या राऊंडला स्वानेकडून हरून गेला, प्रज्ञानंद चौथ्यात गेला. थरार होता यात वाद नाही. आरोनियनला बघून मला भरून आलं, २००२मध्ये इथेच गोव्यात ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झालेला पोरगा, २३ वर्षांनी परत, आणि पाचव्या राऊंडला आपल्या अर्जुन एरिगैसीकडून हरला. (त्या २००२ आणि २०२५च्या मधे आमच्या भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा इतकं सगळं घडलं, लिऑन तर १४व्या वर्षी ग्रँडमास्टर. हे कोणी मोजत नाही.) पण सेमी फायनल बघा, दोन्ही टायब्रेकवर गेल्या. फायनल, सिंदारोव्ह-वेई यी, क्लासिकलचे दोन्ही डाव ड्रॉ, टायब्रेक. रोग तोच. टायब्रेक पुढे ठेवलेला असला की क्लासिकल म्हणजे लग्नाआधीचं हळदीकुंकू, जाऊन यायचं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि नवीन पण नाही, हे कितीतरी वर्षं लोक बोलतायत: टायब्रेक मॅचच्या आधी खेळवा. पहिल्या दिवशी चार रॅपिड डाव, सुटला नाही तर त्याहून झटपट ब्लिट्झ, लावा निकाल. मग १४ डावांची मॅच. सारखे पॉइंट झाले तर पहिल्या दिवशी जिंकलेला चॅम्पियन. म्हणजे जुन्या नियमातली गंमत राहिली, एकाला बरोबरी कधीच परवडणार नाही, आणि अन्याय गेला, कारण ही सवलत कोणाला वारशात मिळालेली नाही, त्याने ती पटावर कमावलीय. लंडनच्या बाराव्या डावात कारुआनाला माहीत असतं की बरोबरी म्हणजे हार, तर तो डाव ३१ चालीत संपला असता का?

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. एक, पहिल्या दिवशी हरलेला माणूस खचून जाईल. जाईल, पण त्याच्याकडे १४ डाव आहेत, आत्ताच्या पद्धतीत टायब्रेक हरलेल्याकडे काय असतं? दुसरा, सगळ्यात मोठा ड्रामा शेवटच्या दिवशी असायला हवा, स्पॉन्सरला ते लागतं. हा आक्षेप जड आहे, मी मानतो, शेवटी हॉटेलची बिलं आणि २०२४सारखे २५ लाख डॉलर कोणीतरी द्यायचेच असतात. पण २०१६ आणि २०१८चा शेवटचा क्लासिकल दिवस त्या स्पॉन्सरने कुठल्या तोंडाने बघितला असेल?

डाव वाढवून २४ करा असंही म्हणतात, पूर्वी होतेच. मला चालेल, पण दोन महिने कोण बघणार, आणि १९८४ विसरू नका.

आणि पट्टीचं मी माझ्यापुरतं उरकलंय. वर्ल्ड कप फायनलचा टायब्रेक होता तो बुधवार, म्हणजे आमच्या डिचोलीचा बाजार, बायको बाजारात गेलेली, मी इलेक्ट्रिकच्या कामाची काळी टेप काढून टीव्हीच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवली. मास्तर पट घेऊन बसले. भाचा पहिल्या डावभर कुरकुरला, मामा कोण पुढे आहे, कोण पुढे आहे, तो ड्रॉ झाला. दुसऱ्यात तो जमिनीवर उतरून मास्तरांच्या बाजूला येऊन बसला आणि चाली सांगायला लागला, चार सांगितल्या, चारही चुकल्या, पाचव्या वेळी मास्तर म्हणाले "थांब, हात लावू नकोस, आधी बघ" आणि तेवढ्यात बायको आली दोन्ही हातात पिशव्या घेऊन, आणि टीव्हीकडे बघून म्हणाली, हे काय करून ठेवलंय? ती टेप अजून तिथेच आहे. काढायला गेलो तर गोंद राहतो.